बाईंचा अंगठा

बाईंनी मला खोली दिली ती माझ्या कुडत्याची शिलाई पाहून.

यवतमाळहून पुण्यात नोकरीला येऊन मला तेव्हा आठच दिवस झाले होते. कर्वेनगरात एका छोट्या बंगल्याची वरची खोली रिकामी आहे, असं कंपनीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. बेल वाजवली तर साठीच्या, उंच, काटक बाई बाहेर आल्या. नाव, गाव, पगार, लग्न, काही म्हणून विचारलं नाही. माझ्या कुडत्याचं खालचं टोक धरलं, उलटं केलं आणि आतली शिवण पाहिली.

"कोणी शिवला?"

"आईनं."

"बाहेरून यथातथाच आहे. आतून चांगला आहे. सामान कधी आणताय?"

मुलींच्या एका शाळेत त्यांनी तीस-एक वर्षं शिवणकाम शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर खालच्या हॉलमध्ये मोठं टेबल टाकून ब्लाउज शिवायच्या. लग्न केलं नव्हतं. सगळा परिसर त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा. त्या मात्र कोणालाच नावानं ओळखत नसत. त्यांच्या डोक्यात माणसं मापानं बसलेली होती. "ती साडेतेरा खांदा येऊन गेली का?" असं त्या विचारायच्या, आणि दोन महिन्यांनंतर कोण ते मलाही कळायला लागलं. भाडेकरू मात्र गावानं ओळखले जायचे. माझ्या आधी वर सांगली राहत होती, तिच्या आधी भुसावळ. मी यवतमाळ.

"यवतमाळ, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पिशवी बदलत्या हातात घेत जा."

माझ्या बोलण्याचं त्यांना फार नवल वाटे. एकदा खाली आले आणि सवयीनं विचारलं, "काय करून राहिल्या, बाई?"

त्या मान वर न करता म्हणाल्या, "करते मी. राहता तुम्ही."

त्या काळात पुण्यात रोज एक नवं काचेचं दुकान उघडायचं. आमच्या कंपनीतल्या मुली पगार झाला की तयार कपडे आणायच्या. बाईंना तयार कपड्यांचा राग नव्हता, कीव होती. बसथांब्यावर एखाद्या अनोळखी मुलीची कॉलर मागून हळूच उलटी करून बघायच्या. मुलगी दचकून वळली की शांतपणे सांगायच्या, "काही नाही. यात माया नाही सोडलेली. वजन वाढवू नका."

माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, पुढे कपडा घट्ट झाला तर उसवून सैल करता यावा म्हणून. मुलीला ते ठाऊक नसायचं. ती आपली बस सोडून मागच्या बसनं जायची. माया कशी ठेवावी याबद्दल बाईंचं मत पक्कं होतं. "भरपूर ठेवावी, पण आत. बाहेर दिसली की ब्लाउज गबाळा दिसतो." स्वतःही त्या तशाच वागायच्या. मला ताप आला तेव्हा तीन दिवस वर पेज यायची, पण ती जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवलेली असायची. ठेवणारा माणूस कधी दिसला नाही.

तर या बाईंच्या घरातल्या सगळ्या वस्तू एका वर्षी एकदम बिघडल्या.

आधी दाराचं कुलूप जड झालं. बाईंनी कुलूपवाल्याला बोलावलं, नवं बसवलं. तेही जड निघालं. मग गॅसचं बटण फिरेना. मग मोरीतला नळ. मग लोणच्याच्या बरणीचं झाकण. प्लंबर आला, दोन बोटांनी नळ फिरवला, पुन्हा फिरवला आणि बाईंकडे बघत राहिला.

"बाई, नळ चांगला आहे."

"मग तुम्हाला कशाला बोलावलं असेल मी?"

"तेच विचारतोय."

प्लंबर गेल्यावर बाई बराच वेळ मोरीच्या दारात उभ्या होत्या. मी ऑफिसला निघाले होते. उजव्या हाताचा अंगठा त्यांनी डाव्या मुठीत धरला होता, एखाद्या द्वाड पोराचा कान धरावा तसा.

"यवतमाळ," त्या म्हणाल्या, "वस्तूंचा दोष नाही असं दिसतंय."

हाताच्या हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि फार समजूतदार होते. बाईंशी त्यांचं पटलं नाही ते त्या समजूतदारपणामुळेच. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ एक लहानसं हाड असतं, त्यावर अंगठा फिरतो. दोन्हींमधली गादी झिजून गेली होती आणि हाडावर हाड घासत होतं. वयानं होतं, बायकांना जास्त होतं, आणि जन्मभर कात्री चालवल्यावर तर त्यात नवल काहीच नाही, असं ते म्हणाले. आधी पट्टी लावून बघायची, मग सांध्यात इंजेक्शन, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर ऑपरेशन.

"ऑपरेशनमध्ये काय करता?"

"ते लहान हाड काढून टाकतो. जागा मोकळी राहते, तिथे तुमच्याच मनगटातल्या एका स्नायूच्या दोरीची गुंडाळी करून भरतो."

"म्हणजे ठिगळ."

डॉक्टर अडखळले. "तसं म्हणता येईल."

"त्याच कापडाचं आहे, हे बरं आहे. मग करायचं की नाही?"

"घाई काहीच नाही. दुखणं तुम्हाला किती अडवतं यावर आहे. दुखणं बहुतेक जातं, पण ताकद यायला काही महिने लागतात, आणि पहिल्यासारखी पूर्ण येईलच असं मी सांगणार नाही. निर्णय तुमचा."

बाईंनी पर्स बंद केली. "डॉक्टर, मी कधी गिऱ्हाइकाला विचारते का, की बाहीचा मुंढा किती खोल घेऊ?"

घरी येईपर्यंत त्या एवढंच म्हणत होत्या, "फी यांनी घ्यायची आणि ठरवायचं मी!"

पट्टी आणली. कडक प्लॅस्टिकची, बेंगरूळ. बाईंनी त्याच दिवशी तिला सुती कापडाचं अस्तर लावलं आणि कडेनं बारीक गोट मारला. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या सहायिकेनं ती हातात घेऊन विचारलं, "अशा अजून मिळतील का?" पट्टीनं दिवसा बरं वाटायचं, पण पट्टी घालून कात्री धरता येत नव्हती. इंजेक्शननं तर कमालच केली. तीन महिने बाईंनी सगळ्या आळीत सांगितलं की दुखणं घाबरून पळालं. चौथ्या महिन्यात ते परत आलं.

मग बाईंनी चौकशी सुरू केली. चौकशी म्हणजे खरोखरची चौकशी. ज्यांनी अंगठ्याचं ऑपरेशन केलंय किंवा करायचं नाकारलंय, त्यांना प्रत्यक्ष गाठायचं. बाईंची गिऱ्हाइकं अर्ध्या पुण्यात पसरलेली, त्यामुळे पत्ते मिळायला वेळ लागला नाही. शनिवारी मला सुट्टी असे. माझ्या स्कूटीच्या मागच्या सीटवर बाई एका बाजूला पाय सोडून बसायच्या, मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत त्यांची दहा इंची लोखंडी कात्री. या कात्रीला घरात कोणाला हात लावायची मुभा नव्हती. मी एकदा तिनं दुधाची पिशवी कापायला निघाले होते, तेव्हा बाईंनी माझ्याकडे जसं बघितलं तसं माझ्या आईनं अजूनपर्यंत बघितलेलं नाही.

पहिलं घर नारायण पेठेत, एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचं. ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. त्यांनी चहा मागवला आणि सविस्तर सांगायला सुरुवात केली. बाईंनी त्यांना पहिल्याच वाक्याला थांबवलं, पिशवीतून चौपदरी मांजरपाट काढलं, त्यावर खडूनं रेघ मारली आणि कात्री पुढे केली.

"बोलू नका. कापा."

"मी? मी आयुष्यात कात्री धरलेली नाही हो."

"मग तर फारच चांगलं. सवयीची मदत होणार नाही."

अधिकारी बिचारे दात-ओठ खाऊन कापायला लागले. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी गेली, पण कापड कापलं गेलं. "दुखलं?" बाईंनी विचारलं. "नाही!" ते स्वतःच चकित होऊन म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या सौ. म्हणाल्या, "बाई, ती कात्री ठेवून जा. लग्नानंतर पहिल्यांदाच यांना घरकाम करताना बघितलं."

दुसऱ्या होत्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी ऑपरेशन केलं नव्हतं आणि त्या मजेत होत्या. जाड दांड्याची पेनं, झाकणं उघडायला रबराचा तुकडा, जड पातेली काढून टाकलेली. "अंगठ्याचं काम कमी केलं, दुखणं कमी झालं," त्या म्हणाल्या. "सोपं आहे."

"तुम्हाला सोपं आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं काम जिभेचं होतं."

आम्हाला तिथे दुसरा चहा मिळाला नाही.

तिसरी भेट ठरवून झालेली नव्हती. मंडईत मटार घ्यायला गेलो होतो. तिथली भाजीवाली गिऱ्हाइकांना सोललेले दाणे द्यायची, त्यामुळे दिवसभर शेंगा सोलत बसलेली असायची. त्या दिवशी ती डाव्या हातानं सोलत होती. बाईंच्या डोळ्यांतून ते कसं सुटेल?

"उजवा अंगठा?"

"हाय ना. दोन वरसं झाली." तिनं हात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी तसाच उंचवटा होता.

"डॉक्टरला दाखवलं?"

"दावलं. आपरेशन करा म्हनला. तीन महिनं हात बांधून बसा म्हनला." ती हसली. "आवं बाई, तीन महिनं मला कोन देतंय? तुमाला कोनी देत आसंल तर घ्या की. इचार कसला करताय?"

बाईंनी मटार न घेताच पिशवीची घडी केली. परत येताना त्या स्कूटीवर एक अक्षर बोलल्या नाहीत. घराशी उतरल्यावर म्हणाल्या, "मला तीन महिने मिळतात. प्रश्न तो नाहीच." मग प्रश्न कोणता, ते त्यांनी सांगितलं नाही.

एवढी चौकशी करूनही ठरलं नाही, ते शेवटी एका चुकीमुळे ठरलं.

एका जुन्या गिऱ्हाईकबाईंनी त्यांच्या आईचा शालू आणून दिला होता. शालू विरला होता, पण पदर शाबूत होता. त्या पदराचा मुलीच्या लग्नासाठी ब्लाउज करायचा होता. असं कापड बाजारात पुन्हा मिळत नाही, म्हणून बाईंनी दोन दिवस नुसतं त्याच्याकडे बघण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी कापायला घेतलं. मी जिन्यात होते. कात्रीचा आवाज मध्येच थांबला. खाली येऊन पाहते तर बाई टेबलाशी ताठ उभ्या. पाठीच्या भागात गळ्याची रेघ सोडून कात्री चांगली तीन बोटं खाली घसरली होती. अंगठ्यात कळ आली आणि हात सुटला.

"कोणाला कळणार आहे, बाई? डिझाइन म्हणून चालेल," मी म्हणाले.

"मला कळलंय ना."

त्यांनी पायांत चपला घातल्या, ते कापड घडी करून घेतलं आणि मला स्कूटी काढायला लावली. गिऱ्हाईकबाईंच्या दिवाणखान्यात, जमलेल्या चार पाहुण्यांसमोर, बाई उभ्या राहूनच म्हणाल्या, "तुमच्या आईचा पदर माझ्या हातून बिघडला. चूक अंगठ्याची आहे, पण अंगठा माझाच आहे."

गिऱ्हाईकबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात आतून नवरी मुलगी आली. ती माझ्यासारखीच कुठल्याशा कंपनीत कोडिंग करायची. तिनं कापड उचललं, आरशासमोर पाठीला लावलं आणि ओरडली, "वॉव! आई, कसला मस्त डीप बॅक आहे! बाई, हे असंच ठेवा ना प्लीज. खाली एक डोरी लावून द्या."

बाईंनी कळवळून सांगितलं, "अगं, ही चूक आहे."

"सो क्यूट!" मुलगी म्हणाली.

ब्लाउज झाला. घसरलेल्या कापाच्या दोन्ही कडा बाईंनी इतक्या नाजूक दुमडल्या की तो मुद्दाम घेतलेला वाटावा. लग्न झालं. आणि मग पंधरा दिवसांत त्या मुलीच्या सात मैत्रिणी बाईंच्या दारात आल्या. सगळ्यांना तोच गळा हवा होता. एक तर हिंजवडीहून रिक्षा करून आली. "आंटी, सेम कट. थोडा तिरका जातो ना, तसाच."

सातवी गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. "तीस वर्षं सरळ रेघ मारली, कोणी रिक्षा करून आलं नाही. माझ्या चुकीची फॅशन झाली, यवतमाळ. आता चुकलं तरी मला थांबवणारं कोणी उरलं नाही. डॉक्टरांना फोन लावा."

ऑपरेशन फक्त हात बधिर करून झालं. बाई जाग्या होत्या. मधे पडदा धरलेला, पण कानांना काही पडदा नव्हता. डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं की हाड काढेपर्यंत बाई गप्प होत्या, आणि शिवायची वेळ आल्यावर त्यांनी विचारलं, "कुठला टाका घालताय?"

"बाई, तुम्ही आराम करा."

"दोरा फार ओढू नका. चुणी पडेल."

टाके काढायच्या दिवशी बाईंनी चष्मा लावून ती शिवण नीट पाहिली. डॉक्टर हात बांधून शेजारी उभे, निकाल लागणाऱ्या मुलीसारखे. "अंतर सारखं आहे," बाई म्हणाल्या. "शेवटची गाठ जरा घाईत मारलीत. पण माझ्या शाळेत पास झाला असतात."

अवघड गोष्ट मात्र घरी होती. टाके निघाल्यावर हात पुन्हा प्लॅस्टरमध्ये गेला. सगळे मिळून सहा आठवडे. ऑपरेशन होऊन दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी बाईंच्या खोलीचं दार बंदच होतं. आठ वाजले, नऊ वाजले. मी ऑफिसात कळवून टाकलं आणि जिन्यात बसून राहिले. साडेनऊला आतून आवाज आला.

"यवतमाळ, डोळे मिटून ये."

पहिल्यांदा मला 'तू' म्हणाल्या. मी दाराशी गेले. "डोळे मिटून काय करू?"

"हुक लावायचे आहेत."

"ते डोळे मिटून कसे लावू?"

"मी रोज लावते."

शेवटी मी डोळे उघडेच ठेवले आणि आम्ही दोघींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सात हुक लावले. मग मी केस विंचरून दिले. अंबाडा मला जमला नाही, वेणी घातली. बाईंनी आरशात पाहिलं. "शाळेत चालले की काय मी?" असं म्हणून वेणी तशीच ठेवली. तेव्हा मला कळलं की मंडईतून परतताना त्या कशाबद्दल गप्प होत्या. कात्री, चीर, भूल, कशाचीच त्यांना भीती नव्हती. दुसऱ्याच्या हातून हुक लावून घ्यायला त्या घाबरल्या होत्या.

पुढे व्यायाम आले. मळायला रंगीत लगदा मिळाला. तो बाईंनी एकदा हुंगून पाहिला आणि ठेवून दिला. त्याऐवजी त्या कणीक मळायच्या, डॉक्टरांनी सांगितलेलं मोजून, तेवढ्याच वेळा. त्याच कणकेच्या पोळ्या आम्ही खायचो. व्यायामाच्या पोळ्या चिवट व्हायच्या, मग खाताना माझ्या जबड्याचाही व्यायाम व्हायचा. चौथ्या महिन्यात त्यांनी कात्री हातात घेतली. आधी वर्तमानपत्र, मग मलमल, मग साधं सुती. रेघ सरळ गेली. दुखलं नाही. जाड कापडाची ताकद मात्र वर्ष झालं तरी पूर्ण आली नाही, डॉक्टर म्हणाले होते तसंच. बाईंनी फार त्रागा केला नाही. शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावलं, आणि जाड कापडापुरती ती दहा इंची कात्री तिच्या हातात दिली. स्वतः शेजारी उभ्या राहून श्वास रोखायच्या.

त्यानंतर दीड वर्षानं माझी बदली हैदराबादला झाली. निरोप घेताना बाईंनी माझ्या कुडत्याचा खांदा सारखा केला, एवढंच. पण दर रविवारी सकाळी फोन यायचा. तिकडचे शिंपी कसे आहेत याची चौकशी असायची. एका रविवारी त्या बोलता बोलता म्हणाल्या, "आता डावा सुरू झाला आहे."

"किती दुखतोय?"

"कापड धरता येत नाही. एक्स-रे काढला. तेच."

"मग करून टाका ना. आता तर तुम्हाला सगळं माहीत आहे."

"बघू," बाई म्हणाल्या. इतकं बिनधारेचं उत्तर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाल्या, "वर हल्ली कोल्हापूर आहे. मुलगी चांगली आहे, पण तिला सकाळी लवकर निघावं लागतं."

"मी येते."

"काही गरज नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी रजा टाकली आणि बसचं तिकीट काढलं. शुक्रवारी सकाळी कर्वेनगरात उतरले, बॅग ओढत गेले आणि बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं. डाव्या हातात पट्टी होती, तिला नवा गोट.

"तुला कोणी बोलावलं?"

"कोणी नाही."

"मग उभी का? आत ये." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "रजा किती दिवसांची आहे?"

"दहा."

"दहाच? टाके बाराव्या दिवशी निघतात." बाई वळून आत गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "चार दिवस वाढवून घे. ऑपरेशन उद्या सकाळी आहे. सोमवारी तारीख घेतली मी, तू येते म्हणालीस त्याच्या दुसऱ्या दिवशी."